पथकाची पहिली वेबसाइट: नाव घेण्यापासून नोंदणी उघडेपर्यंत

टिपरू | शनिवार, रात्री १०.४०

मंडळी, ढोल-ताशा पथकासाठी वेबसाइट करायची आहे. आत्तापर्यंतचा कारभार व्हॉट्सॲप आणि इन्स्टावर चालला. यंदा सराव सुरू व्हायच्या आधी नवीन वादकांची नोंदणी साइटवरून घ्यायची असं ठरलंय.

पानं पाच: पथकाबद्दल, सरावाची जागा आणि वेळा, नियम, फोटो, नोंदणी. फोटो चाळीसेक. मजकूर सगळा मराठी, गेल्या वर्षीच्या माहितीपत्रकातला. ती फाइल अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्याकडून आणलीय. वर्षाचं बजेट तीन हजार. एचटीएमएल थोडंफार येतं, सर्व्हर-बिर्व्हर अजिबात नाही. नोंदणी ज्या संध्याकाळी उघडेल तेव्हा एकदम गर्दी होणार, ती झेपली पाहिजे.

सुरुवात कुठून करू?

---

नळस्टॉप | शनिवार, रात्री ११.२५

नावापासून. पण नाव कोणतं घ्यायचं याच्या आधी ते कुणाच्या खात्यात राहणार ते ठरवा.

डोमेन म्हणजे साइटचं नाव. ते कायमचं विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. ज्याच्या नावावर आणि ज्या ईमेलवर रजिस्ट्रारकडचं, म्हणजे डोमेन देणाऱ्या कंपनीकडचं, खातं, तो मालक. पथकांत हे खातं बहुधा एखादा हौशी इंजिनीअरिंगचा मुलगा स्वतःच्या कॉलेजच्या ईमेलवर उघडतो. तो नोकरीला बंगळूरला गेला की ईमेल बंद होतो आणि नूतनीकरणाचं स्मरणपत्र त्या बंद पेटीत जाऊन पडतं. म्हणून आधी पथकाच्या नावाने जीमेल खातं काढा. दोन टप्प्यांची पडताळणी लावा, रिकव्हरीला दुसऱ्या पदाधिकाऱ्याचा नंबर द्या, बॅकअप कोड छापून हिशेबाच्या फाइलला लावा. मग त्या ईमेलवर रजिस्ट्रारचं खातं. फॉर्ममध्ये 'संस्था' असा रकाना असतो, लोक तो रिकामा सोडतात. तिथे पथकाचं नोंदणीकृत नाव लिहा.

पैशाचं: जाहिरातीत दिसतो तो पहिल्या वर्षाचा दर. नूतनीकरणाचा दर बघूनच रजिस्ट्रार निवडा, तो कित्येकदा दुप्पट-तिप्पट असतो, आणि वर १८ टक्के जीएसटी. पैसे भरायच्या पानावर ईमेल, साइट बिल्डर, एसएसएल अशा खुणा आधीच करून ठेवलेल्या सापडतील. सगळ्या काढा. एसएसएलला, म्हणजे पत्त्याशेजारी कुलूप आणणाऱ्या प्रमाणपत्राला, तर आज पैसे मोजूच नका, लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि बरेचसे होस्ट, म्हणजे साइट ठेवून घेणाऱ्या कंपन्या, ते आपणहून बसवतात.

डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग घेतलंत तर ईमेल पडताळणीचा दुवा येतो. १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही तर डोमेन गोठवतात आणि चालती साइट अचानक दिसेनाशी होते. तो ईमेल हमखास स्पॅममध्ये असतो.

ऑटो-रिन्यू चालू ठेवा, पण त्यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (आपोआप पैसे कापायच्या परवानगीचे) नियम लागू आहेत. परदेशी रजिस्ट्रारला भारतीय कार्डावरून आपोआप पैसे कापता येतीलच असं नाही. तिघांच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची नोंद टाका.

---

खडीसाखर | रविवार, सकाळी ८.०५

नावाबद्दल दोन शब्द. मराठी नाव रोमनमध्ये लिहिताना 'व'ला व्ही की डब्ल्यू, 'ज्ञ'ला डीएनवाय की जीवाय, शेवटी ए एक की दोन, यावर घराघरांत वाद आहेत. ध्वज हा शब्द चार जणांना लिहायला सांगून बघा. परीक्षा सोपी आहे: नाव फोनवर एकदाच सांगायचं आणि समोरच्याने टाइप करून साइट उघडायची. स्पेलिंग विचारावं लागलं तर नाव बाद. मध्ये आडवी रेघ नको, बोलताना ती कुणीच सांगत नाही.

डॉट भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं आणि फ्लेक्सवर झकास दिसतं. पण ज्याच्या फोनवर मराठी कीबोर्ड नाही तो ते टाइप करणार कसं? शिवाय पत्ता कॉपी केला की पुष्कळदा एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं त्याचं रोमन रूप चिकटतं, लोकांना ती लिंक फसवणुकीची वाटते. हौस असेल तर दुसरं नाव म्हणून घ्या आणि मुख्य नावाकडे वळवा.

---

जुनी सायकल | रविवार, सकाळी ९.३०

वर्डप्रेस हे साइट चालवणारं तयार सॉफ्टवेअर टाका आणि मोकळे व्हा. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) एका क्लिकवर बसतं, थीम फुकट, आणि नियम बदलले की कुणीही कार्यकर्ता लॉगिन करून बदलू शकतो. एचटीएमएल लिहीत कशाला बसायचं?

---

मृगनक्षत्र | रविवार, दुपारी १२.१५

सायकलराव, वर्डप्रेस वाईट नाही, पण या कामाला जड आहे. इथे पाच पानं आहेत आणि ती वर्षातून दोनदा बदलणार. वर्डप्रेस प्रत्येक पान मागितलं की पीएचपी चालवून, डेटाबेसला विचारून तयार करतं. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर एका वेळी किती प्रक्रिया चालू शकतात याला मर्यादा असते. संध्याकाळी ७ वाजता ग्रुपवर लिंक पडली आणि मिनिटात चारशे जण आले की ५०३ किंवा ५०८ ची, म्हणजे सर्व्हरला ताण झेपत नसल्याची, पाटी लागणार. कॅशिंगचं, म्हणजे तयार पान साठवून ठेवणारं, प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) लावून हे टाळता येतं, पण ते लावायला नवख्याला सांगणार कोण? शिवाय सप्टेंबर ते मे साइटकडे कुणी फिरकत नाही, प्लगिनं जुनी होत जातात, आणि त्यातल्या एखाद्या भगदाडातून जुगाराच्या जाहिराती आत शिरतात. कुणाकडून 'फुकटात मिळालेली' पेड थीम टाकली असेल तर त्या आधीपासूनच आत असतात.

साध्या एचटीएमएल फाइली गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस या फुकट सेवांवर ठेवल्या तर होस्टिंगचा खर्च शून्य, आणि गर्दीचा प्रश्न जवळजवळ मिटतो, कारण सर्व्हरला काही शिजवायचं नसतं, तयार ताट फक्त पुढे करायचं असतं. गिटहब पेजेसच्या मर्यादा: साइट १ जीबीपर्यंत, महिन्याला साधारण १०० जीबी डेटा, आणि त्यावर दुकान चालवायचं नाही. तुम्हाला चालेल.

एक मोठी सूचना: फुकट खात्यात रिपॉझिटरी, म्हणजे साइटच्या फाइलींची पेटी, सार्वजनिक ठेवावी लागते. साइटवर लिंक दिली नाही तरी त्यातली प्रत्येक फाइल जगाला दिसते. वादकांच्या नंबरांची एक्सेल चुकून चढली आणि मग पुसली, तरी इतिहासात ती राहते.

दर आठवड्याला लेख टाकणारं कुणी असतं तर मीही वर्डप्रेसच म्हटलं असतं.

---

जुनी सायकल | रविवार, दुपारी १२.५०

मान्य. गर्दीचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. पण वर्डप्रेसकडे जाणाऱ्यांसाठी एक मराठीपुरतं सांगून ठेवतो. लेखाचं शीर्षक मराठीत असेल तर पत्ताही मराठी होतो, आणि साठवताना प्रत्येक देवनागरी चिन्हाची टक्क्यांच्या खुणांसकट नऊ रोमन चिन्हं होतात. रकान्याची मर्यादा २०० आहे, म्हणजे जेमतेम २२ अक्षर-चिन्हं मावतात. काना-मात्रा-वेलांटीही त्यातच मोजायची. पुढचं छाटलं जातं. 'पथकाच्या सरावाचे वेळापत्रक २०२४' आणि '२०२५' या दोन पानांचे पत्ते छाटल्यावर सारखेच उरतात, मग दुसऱ्याच्या शेपटीला नुसता २ लागतो. म्हणून पत्ता हाताने, छोटा आणि रोमनमध्ये लिहा. व्हॉट्सॲपवर टक्क्यांच्या खुणांची आगगाडीही टळते.

---

टिपरू | रविवार, रात्री ९.१०

गिटहब पेजेस ठरवलं. एचटीएमएल लिहायला व्हीएस कोड घेतला, पाच फाइली केल्या. आता मजकूर. डीटीपीवाल्याची फाइल उघडून मजकूर उचलला की भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं चिकटतायत. पीडीएफमधून उचलला तरी तेच. फाइल बिघडलीय का?

---

अनुस्वार | रविवार, रात्री १०.३०

फाइल धडधाकट आहे, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, नाही. छपाईच्या धंद्यात अजून श्रीलिपी, कृतिदेव वगैरे जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले असतात: क, अर्धा क, काना, वेलांटी, सगळे सुटे. तो फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसतं, फॉन्ट काढला की आतली रोमन अक्षरं उघडी पडतात. डीटीपीवाल्याला फॉन्टचं नेमकं नाव विचारा. 'श्रीलिपी' एवढं पुरत नाही, त्यातल्या वेगवेगळ्या संचांची मांडणी वेगळी असते. मग त्या संचाच्या कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या.

रूपांतर झाल्यावर डोळ्यांत तेल घालून वाचायच्या जागा ठरलेल्या आहेत. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर; जोडाक्षर आलं की ती शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसते. रफाराचं उलट: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. 'पूर्वी', 'कार्यकर्ता', 'वर्गणी' हे शब्द शोधून तपासा. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतला ऱ्य तुटून 'र्य' होतो. आणि ॲ दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकसंध किंवा अ वर चंद्र ठेवून. दिसायला सारखे, पण पानात शोध घेतला की एक सापडतो आणि दुसरा नाही. सगळीकडे एकच ठेवा.

पाच पानांचा मजकूर असेल तर खरं सांगू? पुन्हा टाइप करा. दुरुस्त करण्यापेक्षा लवकर होतं.

आता पानाचा सांगाडा. व्हीएस कोडमध्ये रिकाम्या एचटीएमएल फाइलीत उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबलं की सांगाडा येतो. त्यात चार्सेट यूटीएफ-८ (अक्षरं कोणत्या सारणीने वाचायची) आणि व्ह्यूपोर्ट (पान किती रुंद धरायचं) या दोन्ही ओळी असतात, त्यांना हात लावू नका. व्ह्यूपोर्टची ओळ गेली तर मोबाइल ते पान ९८० पिक्सेल रुंद समजून आक्रसून दाखवतो आणि अक्षरं मुंगीएवढी होतात. बदलायचं ते एकच: पहिल्या टॅगमधल्या लँगच्या पुढे 'ईएन' असतं, ते 'एमआर' करा. तसं न करता मराठी लिहिलं तर ब्राउझर भाषांतर करू का म्हणून विचारत बसतो, पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर इंग्रजी उच्चार मारतं. आणि काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, ते 'एमआर' सांगितल्यावरच बाहेर येतात. नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात.

मराठी बिघडलं तर आधी बिघाडाचं रूप बघा, कारण त्यातच आहे.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यामागे चार पायांचं वर्तुळ किंवा येनचं चिन्ह, हे पुन्हापुन्हा दिसत असेल तर मजकूर शाबूत आहे, ब्राउझर तो चुकीच्या सारणीने वाचतोय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि पहिले दोन बाइट जवळपास सारखेच, म्हणून ती जोडी सारखी समोर येते. चार्सेटची ओळ घाला, ठीक होईल.

सगळीकडे प्रश्नचिन्हं असतील तर फाइल जुन्या नोटपॅडमध्ये एएनएसआय या जुन्या संकेतात सेव्ह झालीय. मजकूर गेला. मूळ प्रत शोधा.

चौकोनी डबे दिसले तर मजकूर नीट आहे, फॉन्टात ते अक्षर नाही.

फॉन्ट मुक्ता घ्या किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट आहेत. साधी आणि ठळक एवढ्या दोनच जाड्या उतरवा, प्रत्येक जाडीची फाइल वेगळी असते. पण ठळक वगळूही नका. ती नसली की ब्राउझर साध्या अक्षरालाच शाई फासून जाड करतो आणि 'ष्ट', 'द्ध' यांची पोटं बुजतात. ओळींमधलं अंतर १.६ ते १.७, इंग्रजी थीमचं १.२ ठेवलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो.

आणि लेटर-स्पेसिंग शून्य. इंग्रजी मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून तयार टेम्प्लेटमध्ये अक्षरांत अंतर टाकलेलं असतं. मराठीत त्याने शिरोरेखाच तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. सीएसएसमध्ये, म्हणजे साइटच्या सजावटीच्या फाइलीत, लेटर-स्पेसिंग हा शब्द शोधून जिथे जिथे असेल तिथून उडवा.

---

खडीसाखर | रविवार, रात्री १०.४५

शहरातल्या निम्म्या साइटींचे मथळे दात पडलेलेच आहेत हो.

---

टिपरू | मंगळवार, रात्री ८.३०

मजकूर पुन्हा टाइप केला. नवीन अडचण: आयफोनचे सोडले तर लॅपटॉपवर सगळे फोटो दिसतात, गिटहबवर चढवल्यावर त्यातले अकरा गायब. फाइली तिथे आहेत, मी मोजल्या. आयफोनवरून आलेले तिघांचे फोटो तर लॅपटॉपच्या क्रोममध्येही दिसत नाहीत. आणि फोटोंचं पान उघडायला फार वेळ लागतो.

---

मृगनक्षत्र | मंगळवार, रात्री ९.२०

अकरा फोटोंच्या नावांत कॅपिटल अक्षरं असणार. कॅमेरा फाइलीच्या शेवटी जेपीजी कॅपिटलमध्ये लिहितो, तुम्ही पानात लहान लिपीत लिहिलंय. विंडोजला दोन्ही सारखेच, सर्व्हर लिनक्सचा असतो आणि त्याला ती दोन वेगळी नावं. सगळ्या फाइलींची नावं लहान रोमन अक्षरांत, मोकळी जागा नको, कंस नको, मराठी नको. शब्दांमध्ये आडवी रेघ. व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फोटोंच्या नावात मोकळ्या जागा असतात, तेही बदला. मुख्य पानाचं नाव 'इंडेक्स'च हवं, तेही लहान लिपीतच. आणि फोल्डरच्या नावाची सुरुवात अंडरस्कोरने करू नका, गिटहब पेजेसमधलं जेकिल हे पानं बांधणारं साधन असे फोल्डर गाळून टाकतं.

आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारचे आहेत, क्रोम ते दाखवत नाही. जेपीजीत बदलून घ्या.

आता वजन. फोनचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेल, ४ एमबी धरा. चाळीस फोटो म्हणजे एक पान १६० एमबीचं. सातशे जणांनी ते पूर्ण उघडलं की ११२ जीबी, महिन्याची मर्यादा त्याच रात्री संपली. लोकांचा मोबाइल डेटा संपला तो वेगळाच.

प्रत्येक फोटोच्या दोन प्रती करा. जाळीत दिसणारी ६०० पिक्सेल रुंद, वेबपी या हलक्या प्रकारात, दर्जा ७५; साधारण ५०-६० केबीत बसते. त्यावर बोट ठेवलं की उघडणारी १६०० पिक्सेलची, २०० ते २५० केबी. आता तेच पान अडीच एमबीच्या आत आलं. स्क्वूश नावाचं साधन ब्राउझरमध्येच हे करतं, फोटो कुठे चढवावा लागत नाही. एकेक करायला कंटाळा येईल, पण चाळीसच आहेत. आणि फोटोत लपलेलं जीपीएसचं ठिकाणही त्यात गळून पडतं, ते बरंच.

प्रत्येक फोटोच्या टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहा. नाहीतर ब्राउझरला जागा किती सोडायची ते कळत नाही, फोटो येईल तसा मजकूर खाली सरकतो आणि 'नोंदणी'वर टेकायला आलेलं बोट भलत्यावर पडतं. गुगल हे मोजतं: सरकण्याचा अंक ०.१ च्या आत, सगळ्यात मोठा घटक २.५ सेकंदांत दिसला पाहिजे. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग (पडद्याजवळ आल्यावरच फोटो उतरवणं) लावा, पण पानाच्या माथ्यावरच्या फोटोला नको. तो उलट उशिरा येतो.

---

नळस्टॉप | बुधवार, सकाळी ९.००

फोटो मार्गी लागले की डोमेन जोडा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी गिटहबच्या पेजेस सेटिंगमध्ये कस्टम डोमेन लिहा, मगच रजिस्ट्रारकडे डीएनएसच्या, म्हणजे नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या, नोंदी करा.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या नुसत्या नावासाठी चार ए नोंदी (सर्व्हरचे आकडी पत्ते): १८५.१९९.१०८.१५३, आणि तिसरा आकडा १०९, ११०, १११ करून आणखी तीन. अर्थात तिथे इंग्रजी आकड्यांत. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी एक सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद), त्यात तुमच्या गिटहब खात्याचा पत्ता. पुढे रिपॉझिटरीचं नाव लावायचं नाही. नुसत्या नावावर सीनेम टाकायचा मोह टाळा, तिथे एनएस आणि एसओए या नोंदी असतातच आणि सीनेमला शेजारी चालत नाही.

टीटीएल (नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची) आत्ता ३०० ठेवा, म्हणजे चुकलं तर पाच मिनिटांत सुधारता येतं. सगळं स्थिरावल्यावर ३६००. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र यायला काही तास, कधी पूर्ण दिवस लागतो. तोवर 'एचटीटीपीएस सक्तीचं' ही खूण करताच येत नाही. म्हणून फ्लेक्स लागण्याच्या आदल्या रात्री हा उद्योग करू नका.

---

टिपरू | गुरुवार, सकाळी ७.५०

नोंदी केल्या. काहींना साइट दिसते, काहींना रजिस्ट्रारचं 'हे डोमेन राखून ठेवलं आहे' असं पान. माझ्याच फोनवर काल सकाळी साइट, दुपारी ते पान. प्रोपगेशनला, म्हणजे नोंदी सगळीकडे पसरायला, ४८ तास लागतात म्हणतात, तेच का हे?

---

नळस्टॉप | गुरुवार, सकाळी ८.२०

नाही. प्रोपगेशन हा शब्दच फसवा आहे, डीएनएस कुठे पसरत वगैरे नाही. जुनं उत्तर ज्याने लक्षात ठेवलंय तो टीटीएल संपेपर्यंत तेच सांगत राहतो, एवढंच. एकाच फोनवर आलटूनपालटून दोन पानं येतायत याचा अर्थ दोन उत्तरं एकाच वेळी खरी आहेत. रजिस्ट्रारने सुरुवातीला टाकलेली पार्किंगची, म्हणजे त्या राखीव पानाची, ए नोंद तुम्ही पुसली नाही. आता पाच ए नोंदी आहेत आणि पाचातली एक चुकीची.

तपासायचं असं: कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप, पुढे डोमेन, पुढे ८.८.८.८ (गुगलचा डीएनएस). चारच पत्ते यायला हवेत. पाचवा दिसला की तो काढा. त्याच पानावर एएएए प्रकारची (आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीच्या पत्त्याची) जुनी नोंद आहे का तेही बघा. जिओसारख्या आयपीव्ही-६ वापरणाऱ्या नेटवर्कवरचे लोक तिच्या मागे जातात आणि घरच्या वायफायवर मात्र सगळं ठीक दिसतं. 'डोमेन फॉरवर्डिंग' चालू असेल तर बंद.

आणि नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएसच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर, बदला असा सल्ला कुणी दिला तर आधी सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या. नेमसर्व्हर बदलला की जुन्या वहीतल्या नोंदी वाचायलाच कुणी जात नाही. ईमेल चालू असेल तर तोही थांबतो.

---

टिपरू | गुरुवार, सकाळी ८.४५

पाचवी नोंद होती. काढली. आता नोंदणीचा फॉर्म. साइटवरच टाकू की गुगल फॉर्म?

---

खडीसाखर | गुरुवार, सकाळी १०.१०

गुगल फॉर्म. तुमच्या साइटीमागे सर्व्हर नाही, भरलेली माहिती ठेवणार कुठे? पानात चौकट करून बसवू नका, लिंक द्या. मोबाइलवर चौकटीच्या आत सरकवताना लोक वैतागतात.

फॉर्ममध्ये 'फोटो जोडा' असा प्रश्न टाकलात तर भरणाऱ्याला गुगलचं लॉगिन सक्तीचं होतं. वडिलांच्या फोनवरून भरणारी पोरं तिथेच अडकतात. फोटो पहिल्या सरावाला घ्या. आधार तर मागूच नका, पथकाला त्याचं काम काय?

वय विचाराल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ खालचे सगळे मूल ठरतात आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. वादकांत अकरावी-बारावीची मुलं असणारच, तेव्हा अठराच्या आतल्यांसाठी पालकाचं नाव, नंबर आणि संमती असा वेगळा विभाग करा, सही पहिल्या दिवशी समक्ष घ्या. ही माहिती कशासाठी घेताय आणि केव्हा पुसणार हे दोन ओळींत फॉर्मच्या माथ्यावर लिहा.

उत्तरांची शीट 'लिंक असणारा कुणीही' या सेटिंगवर कधीही नको. मुलींचे नंबर त्यात आहेत. तीन ईमेलांना नावानिशी परवानगी, बस.

---

मृगनक्षत्र | गुरुवार, दुपारी १.३०

फॉर्मची लिंक थेट छापू नका. साइटवर 'नोंदणी' असं छोटं पान करा आणि तिथून फॉर्मकडे जाणारं बटण द्या. फॉर्म बदलला, जागा भरल्या, तारीख पुढे गेली, तरी बदलायचं ते हे एक पान. छापलेला पत्ता तोच राहतो.

व्हॉट्सॲपवर लिंक टाकल्यावर चित्र आणि मथळा यायला हवा असेल तर हेडमध्ये ओपन ग्राफच्या तीन ओळी लागतात: मथळा, वर्णन, चित्र. चित्र १२०० बाय ६३०, ३०० केबीच्या आत, आणि त्याचा पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण लिहिलेला. नुसतं फाइलीचं नाव दिलं तर चित्र येत नाही. आधी स्वतःलाच पाठवून बघा. व्हॉट्सॲप जुनं चित्र धरून बसलं तर लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह, व्ही, बरोबर, २ असं जोडा, त्याला तो नवा पत्ता वाटतो.

---

जुनी सायकल | गुरुवार, सायंकाळी ६.००

गुगल शोधात साइट यायचं राहिलं. सर्च कन्सोल या गुगलच्या साधनात डोमेन टाका, ते एक टीएक्सटी नोंद देतं, ती डीएनएसमध्ये घाला. पडताळणी झाली तरी ती काढू नका. मुख्य पानाचा पत्ता तपासणीत टाकून इंडेक्सिंगची विनंती करा. काही दिवस लागतील, रोज विनंती केल्याने वेग वाढत नाही. प्रत्येक पानाचं टायटल वेगळं हवं. पाचही पानांना नुसतं पथकाचं नाव दिलं तर गुगलला आणि माणसांनाही फरक कळत नाही.

या डोमेनवरून ईमेल पाठवणार नसाल तर एसपीएफची (डोमेनच्या नावाने कोण ईमेल पाठवू शकतं ते सांगणारी) 'कुणालाच परवानगी नाही' अशी एक ओळ टाकून ठेवा. वर्गणी मागणारे खोटे ईमेल तुमच्या नावाने पाठवणं अवघड होतं.

---

टिपरू | शुक्रवार, रात्री १०.१५

सगळं झालं. साइट चार फोनांवर पाहिली, कुलूपही आलं. उद्या फ्लेक्स छपाईला जातोय, १० बाय ६ फुटी. त्यावर क्यूआर टाकायचाय. एका फुकट साइटवर 'डायनॅमिक' क्यूआर मिळतोय, घेऊ का?

---

मृगनक्षत्र | शुक्रवार, रात्री १०.३०

नको! त्यात तुमचा पत्ता नसतो, त्यांचा असतो. चाचणीची मुदत संपली की स्कॅन करणाऱ्याला 'पैसे भरा'चं पान दिसतं आणि फ्लेक्स तर चौकात टांगलेला. साधा स्टॅटिक क्यूआर करा, त्यात थेट तुमच्या 'नोंदणी' पानाचा पत्ता. पत्ता जितका छोटा तितके चौकोन मोठे आणि स्कॅन सोपं.

आकार: जितक्या अंतरावरून स्कॅन व्हायचा त्याच्या दहावा हिस्सा. रस्त्याच्या कडेला उभं राहून तीन मीटरवरून करायचा असेल तर ३० सेंटिमीटर. भोवती चार चौकोनांएवढी पांढरी जागा सोडा. फ्लेक्सवाले मोकळी जागा दिसली की तिथे फुलं काढतात. काळा रंग पांढऱ्यावरच, भगव्यावर पांढरा नको. मध्ये लोगो नको. फाइल एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) द्या, व्हॉट्सॲपवरून जेपीजी नव्हे.

आणि खाली पत्ता अक्षरांतही छापा.

---

टिपरू | शनिवार, सकाळी ११.४०

छपाईच्या पडद्यावरच तीन फोनांनी स्कॅन करून पाहिला, चालतोय. क्यूआरच्या भोवतीची झेंडूची माळ काढायला लावली.